टेलिग्रामवरची ‘मिस रोज’ : द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर ती काय अडवते आणि काय अडवत नाही

पहिल्यांदा निकाल सांगते, कारण छाटणीच्या दिवसांत कुणाला लांबण वाचायला वेळ नसतो. टेलिग्रामवर मोठा ग्रुप असेल आणि सकाळी फोन उघडल्याबरोबर ‘घरबसल्या कमवा’वाले दिसत असतील, तर मिस रोज नावाचा बॉट, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्रॅम, लावून टाका. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री जागा असतो आणि फालतू मेसेज बहुतेक वेळा आपण बघायच्या आतच उडालेले असतात. मात्र तुमचा त्रास एआयनं लिहिलेल्या गोड, नीटनेटक्या आणि चुकीच्या सल्ल्याचा असेल, तर तिथं ह्या बाईचं फारसं चालत नाही. आमच्या ग्रुपला दोन्ही त्रास होते, म्हणून दोन्हीबद्दल लिहिते.

ग्रुप आमचा तासगाव तालुक्यातला, द्राक्ष बागायतदारांचा आणि बेदाणावाल्यांचा. मणेराजुरी, सावळज, बोरगाव, कवठे एकंद, मिरज तालुक्यातलं सोनी, शिवाय कवठे महांकाळ आणि पलूसकडची बरीच मंडळी. बाग आमची अडीच एकर, थॉम्पसन जातीचं द्राक्ष जास्त आणि थोडा सोनाका. फवारणी घरचे करतात, फवारणीची वही मी ठेवते, आणि ज्याच्याकडं वही त्याच्याकडं ग्रुप, ह्या न्यायानं अ‍ॅडमिनपद माझ्याकडं आलं. ग्रुपात सगळे मला वैनी म्हणतात. वडिलांच्या वयाचे आप्पा-तात्यासुद्धा.

व्हॉट्सअ‍ॅप सोडून टेलिग्रामवर का गेलो, हे लोक अजून विचारतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपात १०२४ माणसं झाली की दार बंद, आणि प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. बागेचं बघणाऱ्या बायका आमच्यात बऱ्याच आहेत, त्यांना आपला नंबर हजार लोकांना दाखवायचा नव्हता. टेलिग्रामवर २ लाख माणसं मावतात आणि नंबर लपवता येतो. पण नंबर लपवायची सोय आपल्याला असते तशी लबाडालाही असते. कृषी सेवा केंद्रांच्या काचेवर ग्रुपची लिंक लागली आणि बघता बघता सभासदांत अशी नावं दिसायला लागली, की ज्यांनी द्राक्ष फक्त फोटोत बघितलं असावं.

काय काय यायचं ते सांगते. शेअर मार्केटचा व्हीआयपी ग्रुप. यूट्यूबचे व्हिडिओ लाइक करून दिवसाला ५ हजार. विनातारण कर्ज. बायकांचे फोटो लावलेली खाती, जी फक्त ‘हाय’ म्हणतात. हे सगळ्यांकडंच येतं. आमच्यासाठी खास बनवलेला माल वेगळा होता. ‘१०० टन बेदाणा तातडीनं पाहिजे, सौद्यापेक्षा जास्त भाव, आधी नोंदणी फी भरा.’ पीएम किसानच्या नावानं एपीके फाइल, जी फोनमध्ये बसवली की ओटीपीसकट सगळं परक्याच्या हातात. कर्ज आणि शेअरवाल्यांना आमच्यात कुणी विचारत नाही. बेदाण्याच्या भावाला मात्र हुशार माणूसही एक क्षण थांबतो. मला भीती होती ती ह्या दोन प्रकारांची.

आता मिस रोज. हा टेलिग्रामवरचा ग्रुप सांभाळणारा बॉट. शोधताना नाव नीट बघा, कारण ह्याच नावाचे आणि असाच फोटो लावलेले नकली बॉट असू शकतात. खऱ्याचं युजरनेम ‘मिसरोज’, मग खालची रेघ, मग ‘बॉट’. ग्रुपात घ्यायचा, अ‍ॅडमिन करायचा आणि दोनच अधिकार द्यायचे: मेसेज काढणं आणि माणूस बाहेर काढणं. नवीन अ‍ॅडमिन नेमायचा अधिकार कुठल्याच बॉटला देऊ नका. अ‍ॅडमिन झालेला बॉट ग्रुपातले सगळे मेसेज वाचू शकतो, हेही ध्यानात असू द्या. त्यामुळं बँक खातं, आधार, व्यापाऱ्याची उधारी असलं काही ग्रुपात लिहायचं नाही, हा आमचा पहिला नियम झाला. तो तसाही असायलाच हवा होता.

हुकूम सगळे इंग्रजीत आहेत, तिरकी रेघ मारून लिहायचे. ज्यांना हे जड जातं त्यांनी कॉलेजात जाणारं एखादं पोर शेजारी बसवावं. तासाभरात होतं.

सुरुवात कॅप्चापासून केली. नवा माणूस आला की त्याचं तोंड बंद राहतं आणि ‘मी माणूस आहे’ असं दाखवायला एक परीक्षा द्यावी लागते. ठरलेल्या वेळात दिली नाही तर तो बाहेर जातो. परीक्षेचे प्रकार आहेत: नुसतं बटण दाबणं, छोटं गणित, चित्रातली अक्षरं ओळखणं. मी सत्तरीतल्या माणसांना वाकडी अक्षरं ओळखायला लावणार नव्हते. बटण ठेवलं. सावळजच्या एका आप्पांनी त्यावरही फोन केला, ‘वैनी, बाई मला माणूस हाईस का म्हणून विचारतीया.’ म्हटलं, हो म्हणा आप्पा.

कॅप्चावर फार विसंबू नका. हे नाव अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. २००३ साली त्यांनी ते मांडलं तेव्हा वाकडी अक्षरं वाचणं यंत्राला सहज जमत नव्हतं. २० वर्षांनी, २०२३ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या अर्वाइनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसं आणि बॉट यांची तुलना केली, तर बॉट जास्त लवकर आणि जास्त अचूक निघाले. त्याच वर्षी मार्चमध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनं आपल्या जीपीटी-४ ह्या एआय मॉडेलच्या अहवालात एक किस्सा छापला. चाचणीत त्या मॉडेलनं टास्करॅबिट ह्या छोटी कामं करून देणाऱ्यांच्या साइटवरच्या माणसाला कॅप्चा सोडवायला गळ घातली. त्यानं गमतीत विचारलं, तू रोबो आहेस का? उत्तर आलं, नाही, मला डोळ्यांनी नीट दिसत नाही. हा किस्सा मी ग्रुपात टाकला होता. बाकी चर्चा राहिली बाजूला, दोन दिवस सगळे एकमेकांना ‘दिसतंय का नीट?’ विचारत होते.

तरीही बटणाचा कॅप्चा ठेवाच. स्वस्तातले बॉट, जे हजारो ग्रुपांत एकदम घुसतात, ते एवढ्यावरच गळतात. आमच्याकडं सगळ्यात मोठा फरक ह्या एका बटणानं पडला.

मग कुलपं. रोजताईकडं (हे नाव ग्रुपानंच पाडलं) कुलपांची लांबलचक यादी आहे आणि एकेक प्रकारचा मेसेज वेगळा बंद करता येतो. मी लिंक बंद केल्या, दुसऱ्या चॅनेलवरून फॉरवर्ड केलेलं बंद केलं, दुसऱ्या ग्रुपांची आमंत्रणं बंद केली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डॉक्युमेंट बंद केले. एपीकेची पीडा तिथंच संपली. कामाच्या लिंक वेगळ्या यादीत टाकून चालू ठेवता येतात. पुण्याजवळ मांजरी गावात असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचं आणि हवामान खात्याचं संकेतस्थळ मी त्या यादीत घातलं. फोटोला हात लावला नाही, कारण पानाच्या पाठीमागचा पांढरा थर दाखवल्याशिवाय डाऊनी रोगाची चर्चा व्हायची कशी? व्हॉइस मेसेजलाही नाही. ट्रॅक्टरवर बसलेला माणूस टाइप करत नाही, बोलतो.

लिपीचीही कुलपं आहेत. रशियन लिपी बंद, चिनी-जपानी अक्षरं बंद. उजवीकडून डावीकडं लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांचं एक कुलूप आहे, ते मी मुद्दाम उघडं ठेवलंय. अरबी स्पॅम त्यानं जाईल, पण मिरजेकडचे आमचे दोन-तीन बागवाले उर्दूत लिहितात, त्यांचंही तोंड बंद होईल. एखाद्या ‘आदर्श सेटिंग’ची यादी कुणी पाठवली तर ती जशीच्या तशी लावू नका, आपल्या ग्रुपात कोण बसलंय ते आधी बघा.

बंदी घातलेल्या शब्दांची यादीही करता येते, आणि मराठी ग्रुपानं सगळ्यात जपून वापरायची गोष्ट हीच आहे. कर्ज हा शब्द टाकावासा वाटतो, पण सोसायटीच्या पीककर्जाशिवाय आमची चर्चा पुढं सरकत नाही. शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका लावून ‘लोन’ टाकलं, तर ‘क्लोन’ लिहिणाराही सापडतो, आणि थॉम्पसनच्या क्लोनवर आमच्यात तासन्‌तास वाद चालतात. म्हणून मी सुटे शब्द टाकत नाही. स्पॅमवाल्याचं अख्खं वाक्य टाकते: ‘विनातारण लोन पाहिजे का’, ‘दिवसाला ५ हजार कमवा’. तेच रोमन लिपीत दोन-तीन स्पेलिंगांनी टाकावं लागतं, कारण मराठी रोमनमध्ये लिहिताना प्रत्येकाचं व्याकरण स्वतंत्र असतं.

बाकीचं थोडक्यात. एकाच खात्यावरून मेसेजांचा भडिमार झाला की आपोआप लगाम बसतो. एका मिनिटात ठरवलेल्या आकड्यापेक्षा जास्त माणसं घुसली की काही तास नव्यांना दार बंद होतं. ही सोय ऑक्टोबरच्या छाटणीत फार कामाची, कारण तेव्हा दोन्ही अ‍ॅडमिन बागेत असतात आणि फोन झाडाला अडकवलेल्या पिशवीत. तंबी देता येते. ठरावीक तंब्या झाल्या की तोंड बंद करायचं की बाहेर काढायचं हे आपण ठरवायचं. कुठल्याही मेसेजला उत्तर म्हणून ‘अ‍ॅट अ‍ॅडमिन’ लिहिलं की आम्हाला सूचना येते. सभासद हे शिकले की अ‍ॅडमिनचं अर्धं काम हलकं होतं.

फेडरेशन ही सोय मला सगळ्यात आवडली. अनेक ग्रुप मिळून एक संघ करायचा, आणि एका ग्रुपानं संघाची बंदी घातली की ते खातं सगळीकडून बाहेर. शेजारच्या तालुक्यांतले दोन द्राक्ष ग्रुप आणि आम्ही असे एकत्र आलो. बेदाण्याच्या नोंदणी फीवाला एका ठिकाणी सापडला की बाकीच्यांना भेटतच नाही. फक्त हा अधिकार विश्वासातल्या मोजक्या माणसांकडंच ठेवा. आमच्याकडं भावकीचं भांडण संघाच्या बंदीपर्यंत जायला वेळ लागत नाही.

ह्याशिवाय टेलिग्रामची स्वतःचीही एक सोय आहे, डिसेंबर २०२२ पासूनची. २०० पेक्षा जास्त सभासद असलेल्या ग्रुपात स्पॅमविरोधी कडक गाळणी चालू करता येते. ती आणि रोजताई एकत्र नांदतात. चुकून काढलेला मेसेज ‘रिसेंट अ‍ॅक्शन्स’मध्ये ४८ तास दिसतो, तो अधूनमधून चाळावा. तिथं कधी कधी खरा शेतकरी अडकलेला सापडतो.

इथपर्यंत सगळं कौतुकच आहे. आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते.

नोव्हेंबरात आमच्याकडं फुलोऱ्याची वेळ असते आणि नेमका तेव्हाच अवकाळी येतो. संध्याकाळी पाऊस झाला की रात्री ग्रुपात एकच प्रश्न पन्नास तोंडांनी येतो: उद्या सकाळी काय मारू? अशा एका रात्री ‘कृषी सल्लागार’ असं नाव आणि पांढऱ्या शर्टातला फोटो लावलेल्या खात्यानं उत्तरं द्यायला सुरुवात केली. बटण दाबून रीतसर आलेलं खातं. कितीतरी दिवस गप्प होतं. लिंक नाही, फाइल नाही, बंदीतला एक शब्द नाही. मराठी इतकं स्वच्छ, की आमच्यात तसं फक्त लग्नपत्रिकेत छापतात. ‘प्रिय शेतकरी बंधू, आपली चिंता समजण्यासारखी आहे.’ मग मथळे, मग ठिपके, मग हिरवी पानं. शेवटी, स्थानिक कृषी अधिकाऱ्यांशी संपर्क साधावा.

त्यातल्या एका उत्तरात फुलोऱ्यात जीए ४० पीपीएम द्यायला सांगितलं होतं. ज्यांची बाग नाही त्यांच्यासाठी सांगते. जीए म्हणजे जिब्रेलिक अ‍ॅसिड, मणी फुगवायला वापरतात. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम म्हणजे १० पीपीएम. ४० हा आकडा खोटा नाही. थॉम्पसनला तो देतात, पण मणी ३ ते ४ मिलिमीटरचा झाल्यावर, घड बुडवताना. भर फुलोऱ्यात तेवढा जोर दिला तर गळ होऊन घड विरळ पडतो आणि वर्षाचं पीक हातचं जातं. म्हणजे आकडा बरोबर, औषध बरोबर, पीक बरोबर, आणि वेळ चुकीची. अडाणी माणूस अशी चूक करत नाही, आणि जाणकारही करत नाही. अशी चूक तोच करतो ज्यानं सगळं वाचलंय पण बागेत पाय ठेवलेला नाही.

ही चूक सोनी गावच्या एका दादांनी पकडली. त्यांनी त्या खात्याला एकच विचारलं, ‘तुमची बाग आज कितव्या दिवसावर?’ आमच्यात कुणीही बोलायला लागला की छाटणीपासूनचा दिवस आधी सांगतो, ४० वा, ५५ वा, आणि त्याच्यावरच पुढचं सगळं ठरतं. उत्तर आलं, ‘उत्तम प्रश्न! छाटणीनंतरचे दिवस पिकाच्या व्यवस्थापनात महत्त्वाची भूमिका बजावतात.’ दादांनी हात जोडलेला इमोजी टाकला आणि खाली लिहिलं, अ‍ॅट अ‍ॅडमिन.

नंतर चौकशी केली तर डाव कळला. हे खातं ग्रुपात फुकट सल्ला देत होतं आणि ज्यांनी धन्यवाद म्हटलं त्यांच्या खासगी इनबॉक्समध्ये जाऊन कुठलंसं टॉनिक विकत होतं, आगाऊ पैसे घेऊन. खासगी मेसेज कुठल्याही ग्रुप-बॉटला दिसत नाहीत. म्हणजे चोरी जिथं होते तिथं राखणदाराला जायलाच येत नाही.

आमच्यात चुकीच्या सल्ल्याची किंमत एकट्याला मोजावी लागत नाही. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आमच्या भाषेत सीसीसी, वेलीची वाढ आवरायचं औषध, त्याचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले म्हणून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. ज्यानं ते वापरलं नव्हतं त्याचाही भाव पडला. म्हणून फवारणीचा सल्ला हा आमच्या ग्रुपात गंमतीचा विषय नाही.

रोजताई इथं काय करू शकते? फार थोडं. कुंपणानं जनावर अडतं, पाखरू अडत नाही, आणि द्राक्षाचं नुकसान दोघंही करतात. ती मेसेज कसा आला ते बघते: लिंक आहे का, फॉरवर्ड आहे का, कितव्यांदा आला, कुठल्या लिपीत आला. आत लिहिलेलं खरं की खोटं, हे बघणं तिचं काम नाही आणि तसा दावाही ती करत नाही.

तसा दावा करणारी दुसरी एक पैसे घेणारी सेवा आम्ही काही काळ चालवली. तिचं नाव इथं लिहीत नाही. एआयनं लिहिलेलं एआयच ओळखेल, असं सांगितलं होतं. झालं उलटंच. कवठे महांकाळचे निवृत्त हेडमास्तर आहेत, बाग उत्तम, मराठी त्याहून उत्तम, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. त्यांचे मेसेज सारखे उडायला लागले. आणि चुका पेरून लिहिलेला बॉटचा मेसेज निवांत बसलेला. गुरुजींनी मला विचारलं, ‘वैनी, शुद्ध लिहिणं आता गुन्हा आहे का?’ ती सेवा त्याच आठवड्यात बंद केली.

ह्यात नवल वाटायचं कारण नाही. खुद्द ओपनएआयनं जानेवारी २०२३ मध्ये एआयचा मजकूर ओळखायचं साधन काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत एआयनं लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच त्याला बरोबर ओळखता आला, आणि ९ टक्के वेळा माणसाचं लिखाण त्यानं यंत्राचं ठरवलं. अचूकता कमी म्हणून त्यांनी जुलैत ते गुंडाळलं. तेही इंग्रजीत. मराठीबद्दल कुणी छातीठोक बोलत असेल तर त्याला आमच्या गुरुजींचे मेसेज द्यावेत.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची स्टॅक ओव्हरफ्लो नावाची प्रश्नोत्तरांची जागा आहे. चॅटजीपीटी आल्यावर आठवडाभरातच, डिसेंबर २०२२ मध्ये, त्यांनी त्याची उत्तरं टाकायला बंदी केली. कारण त्यांनी जे दिलं तेच आमचं: उत्तरं दिसायला बरोबर, निघतात चुकीची, आणि लिहायला इतकी सोपी की तपासणारी माणसं पुरत नाहीत. हे वाचलं तेव्हा मला धीर आला, की एवढ्या मोठ्यांनाही शेवटी नियमच करावा लागला.

आम्हीही नियम केले. डोस लिहायचा असेल तर आपल्या द्राक्षाची जात, छाटणीपासूनचा दिवस आणि स्वतः वापरलं का, हे तीन सांगायचे. नाही सांगितले तर तंबी. हे तपासायला माणूसच लागतो, पण तंबी रोजताईकडून जाते, त्यामुळं माझ्याशी भांडण होत नाही. तासगावात ह्या सोयीला फार किंमत आहे. सावर्ड्याच्या एका काकांनी तिला समजावून सांगायचा प्रयत्नही केला होता, ‘रोजताई, माझं नीट ऐकून तर घ्या.’

दुसरं म्हणजे तिच्या ‘नोट’ची सोय. एखादा मेसेज नाव देऊन साठवायचा, आणि कुणीही हॅशटॅग लावून ते नाव लिहिलं की तो समोर येतो. मांजरीच्या केंद्राची शिफारस केलेल्या औषधांची यादी कुठं बघायची, काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची ते त्यात कसं शोधायचं, आणि गंधकाबरोबर तेल का मिसळायचं नाही, हे मी असं साठवून ठेवलंय. रात्री ९ वाजता घाबरलेल्या माणसाला पटकन खरं मिळालं, तर तो गोड बोलणाऱ्याकडं कमी वळतो. स्पॅम अडवायला ह्या साध्या सोयीचा उपयोग होईल असं मला आधी वाटलं नव्हतं.

तिसरा प्रकार अवघड. माणूस आपलाच, मेसेज यंत्राचा. पलूसकडचा एक पोरगा, बी.एस्सी. अ‍ॅग्रीला असलेला, प्रत्येक प्रश्नाखाली चॅटजीपीटीचं उत्तर चिकटवायचा. मनात पाप नाही, उलट मदतीची हौस. त्याला बॉटनं बाहेर काढणं मला पटलं नाही. फोन केला, म्हटलं, तू स्वतः एआयला काय विचारायचं ते विचार, पण इथं टाकताना वडिलांच्या बागेत काय केलंत तेवढंच टाक. आता तो पानांचे फोटो टाकतो आणि त्याचं लोक वाचतात.

आणि प्रवेश. उघडी लिंक बंद केली. टेलिग्रामवर २०२१ पासून ‘विनंती करून प्रवेश’ अशी लिंक करता येते, ती लावली. विनंती आली की दोघं अ‍ॅडमिन विचारतो: द्राक्षाची जात कोणती, छाटणी कधी, बाग गावात कुठल्या रस्त्याला आणि बांधाला कोण. उत्तर व्हॉइस मेसेजनं. पहिल्या दोन प्रश्नांना यंत्रही झकास उत्तर देतं. आवाजही आता यंत्राला काढता येतो, म्हणून मी त्यावर फार भरवसा ठेवत नाही. खरा उपयोग चौथ्याचा. त्या गावचा आपला सभासद असतोच, त्याला विचारायचं, हा माणूस आहे का? ‘हाय की, कॅनॉलच्या खालच्या अंगाला, गेल्या साली गारपिटीत सापडला होता,’ असं उत्तर आलं की दार उघडं.

ह्याचा तोटाही आहे. ग्रुप सावकाश वाढतो. जतकडचे नवे बागवाले, ज्यांच्या ओळखीचं आमच्यात कुणी नाही, ते अडून राहतात, आणि त्यांनाच सल्ल्याची गरज जास्त. त्यांच्यासाठी दुकानदाराची ओळख चालवून घेतो. रोजताईत स्वतःचे प्रश्न घालायची सोय असती तर हे काम हलकं झालं असतं. तिच्या कॅप्चात बटण, गणित आणि अक्षरं एवढंच आहे. ती सोय देणारे वेगळे बॉट आहेत, पण दोन-दोन बॉटांना सगळे मेसेज वाचायला देणं मला नको वाटतं.

गुण द्यायचे तर ५ पैकी ४. एक गुण कापला तो हुकूम इंग्रजीत आहेत म्हणून आणि स्वतःचा प्रश्न घालता येत नाही म्हणून. पन्नास-साठ जणांचा, सगळे तोंडओळखीचे असलेला ग्रुप असेल तर लावू नका, उगाच म्हाताऱ्या माणसांना बटणं दाबायला लागतील. दोनशेच्या वर गेला असेल आणि लिंक कुठंही भिंतीवर लागली असेल तर आजच लावा. पहिल्या दिवशी कॅप्चा आणि डॉक्युमेंटचं कुलूप एवढंच करा. शब्दांच्या यादीला आठवडाभर हात लावू नका, आधी आपली माणसं कशी लिहितात ते बघा. आमच्या सेटिंगची यादी हवी असेल तर देईन, उर्दूचं कुलूप तेवढं आपापलं ठरवा.